रत्नप्रभाबाईंना चेहरे दिसेनासे झाले तेव्हा

रत्नप्रभाबाई आमच्या समोरच्या घरात एकट्या राहतात. यवतमाळच्या मोजणी कार्यालयात त्यांनी एकतीस वर्षं ट्रेसर म्हणून काढली. जुन्या, चिंध्या झालेल्या गावनकाशांवर पारदर्शक कागद ठेवायचा आणि शिवेच्या, पांदणीच्या, नाल्यांच्या रेषा शाईने जशाच्या तशा उतरवायच्या, हे त्यांचं काम. झरी जामणीकडची कित्येक गावं त्यांनी कधी पाहिली नाहीत, पण तिथला कोणता बांध कुठे वळतो हे त्या न बघता सांगायच्या. लग्न केलं नाही. आई होती तोवर आईचं केलं. ती गेल्यावर पुण्याहून भाचा श्रेयस फोन करायचा, तेवढंच.

दोन वर्षांपूर्वी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, स्वयंपाकघराच्या दाराची चौकट त्यांना मधेच फुगल्यासारखी दिसायला लागली. त्यांनी संघदीप मिस्त्रीला बोलावलं. त्याने ओळंबा सोडला.

"मॅडम, चौकट एकदम सरळ हाय. पाहा न, दोऱ्याले लागूनच हाय."

बाईंनी पाहिलं. खाली वजन बांधलेला तो दोरा त्यांना मधे वाकलेला दिसत होता. असा दोरा वाकूच शकत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्यांनी मिस्त्रीला चहा दिला, उगीच त्रास दिला म्हणून माफी मागितली. तो गेल्यावर एकेक डोळा झाकून बराच वेळ कॅलेंडरच्या चौकटींकडे पाहत बसल्या.

नागपूरहून महिन्यातून एकदा डोळ्यांच्या पडद्याच्या डॉक्टर यायच्या, डॉ. केतकी. त्यांनी तपासलं.

"मोतीबिंदू आहे का?" बाईंनी विचारलं.

"तो असता तर काढून टाकला असता. हा पडद्याच्या मधल्या भागाचा आजार आहे, वयामुळे होणारा. वय झालं की पडद्याखाली केर साचतो. तो उचलायला शरीराची रोगप्रतिकारशक्ती पेशी पाठवते. जंतू आला की ज्या लढतात, तशाच. तरुणपणी त्या काम आटोपून शांत होतात. म्हातारपणी काहींच्या डोळ्यांत त्या थांबतच नाहीत. सूज धुमसत राहते आणि त्यात चांगल्या पेशीही मरतात. तुमच्या डाव्या डोळ्यात तर नको तिथे नाजूक रक्तवाहिन्या वाढल्यात, त्या पाझरतात. म्हणून रेषा वाकतात."

"म्हणजे बाहेरून काही आलंच नाही?"

"नाही."

"माझ्याच अंगाने केलं."

"राखण करता करता केलं, असं म्हणा. वय असतं, घराण्यातून आलेलं काही असतं, पण यात रोगप्रतिकारशक्तीचा हात मोठा आहे, हे आता कळायला लागलंय."

डाव्या डोळ्यात ठरावीक दिवसांनी इंजेक्शन घ्यायचं ठरलं. उजव्या डोळ्यात हाच आजार होता, पण कोरडा. त्यात गेलेलं परत आणणारं औषध नव्हतं. "पूर्ण अंधार होणार नाही," डॉक्टर म्हणाल्या, "कडेने दिसत राहील. मधलं जाईल. चेहरे ओळखायला जड जाईल."

बाईंनी हे कोणाला सांगितलं नाही. श्रेयसला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, आत्या, पुण्याला ये. आणि तिथे कडेनेसुद्धा ओळखीचं काही दिसलं नसतं.

पुढे गल्लीत बोलणं सुरू झालं. बाई हसत नाहीत, समोरून जातात आणि बघून न बघितल्यासारखं करतात. 'बाईंना शिष्टपणा आलाय' असं मीही एकदा म्हणालो होतो. लोक हळूहळू बोलेनासे झाले. बाईंना वाटलं, म्हातारं माणूस लोकांना नकोसं होतं, तसंच हे असेल.

त्यांना एकच मैत्रीण होती. शीला राठोड. ती त्याच कार्यालयात शिपाई होती. कपाटातले नकाशे काढून टेबलावर पसरायची. पंचवीस वर्षं दोघींनी एका डब्यात जेवण केलं. निवृत्तीनंतर शीला फुलसावंगीजवळच्या तांड्यावर भावाकडे राहायला गेली, पण दर रविवारी फोन करायची. त्या दिवाळीनंतर फोन बंद झाला. एक रविवार गेला, दोन गेले, आठ गेले. बाई फोन उशाशी घेऊन बसायच्या आणि स्वतःहून करायला धजायच्या नाहीत. शेवटी केला, तर शीलाच्या भावाने, डोंगरसिंगने, उचलला.

"ते कापूस येचाले गेली, बाई. पन नाराज हाय तुमच्यावर. दिवाळीच्या बाजाराले यवतमाळले आली होती, तं दत्त चौकात तुम्ही तिले ओळख नाई दाखोली म्हन्ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई एसटी स्टँडवर गेल्या. पाट्या वाचता येत नव्हत्या. प्रत्येक गाडीच्या दाराशी जाऊन विचारलं. महागावला गाडी बदलली. फुलसावंगीला उतरून तांड्याची वाट विचारत विचारत दुपारी शेतात पोचल्या. कमरेला कापसाची ओटी बांधलेली एक बाई काकऱ्यांमधून उभी राहिली.

"शीला?"

"आता बरी ओळख आली. मी चौकात हाक मारनार होती, तं तुम्ही सरळ माह्या तोंडाकडे पाहून राह्यल्या होत्या. अन् निंगून गेल्या. कायले पाहाव मंग?"

"पाहत होते. पण तू दिसत नव्हतीस."

शीला जवळ आली. "आता दिसतो का मी?"

"पदराची कड दिसते. हात दिसतात. ओटी दिसते."

"अन् तोंड?"

"तिथे करडा डाग आहे."

शीलाने ओटी सोडून खाली ठेवली. "काहून सांगतलं नाई मले?" एवढंच म्हणाली आणि बाईंना बांधावर बसवलं. बाईंनी मग मान वळवली, दूरच्या झाडाकडे नजर लावली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून शीलाला पाहिलं. तेवढ्यात जे दिसलं ते असं, की केस सगळे पांढरे झालेत.

पुढची दोन इंजेक्शनं शीला सोबत आली. नंतर तिचे गुडघे धरले आणि प्रवास सुटला. रविवारचा फोन मात्र पुन्हा सुरू झाला. बाईंच्या डाव्या डोळ्यातलं पाझरणं थांबलं. रेषा वाकड्याच राहिल्या. उजव्या डोळ्यातला डाग महिन्यामहिन्याने रुंदावतो आहे. शीलाने येता-जाता गल्लीत सगळ्यांना खरं सांगितलं, तेव्हा मी खाली मान घालून ऐकलं.

हल्ली संध्याकाळी बाई फाटकाशी उभ्या राहतात. रस्त्याने पावलं वाजली की कोण आहे हे न कळताच आधी हाक मारतात, "काय, कसं काय?" ओळखीचे थांबतात, आपलं नाव सांगतात, चार शब्द बोलतात. बरेचसे अनोळखी असतात. ते गोंधळून बघतात आणि पुढे जातात.