ताईंचे दात आणि ट्रेलरचे ब्रेक

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. चौथीपर्यंत शिकले, तेही अलिबागकडच्या अशा गावात, जिथे मास्तर आले तर शाळा, नाही आले तर चिंचा. ऱ्हस्व-दीर्घ जिथे चुकलं असेल तिथे वाचणाऱ्याने मनातल्या मनात सुधारून घ्यावं. खरं तर वाचणारं कुणी नाहीच, मी हे माझ्यापुरतं लिहिते आहे. तरी माफी मागून ठेवलेली बरी. माणसं समोर आली की माझे शब्द घशातच बसतात. कागद निदान टक लावून बघत नाही.

लिहायचं आहे ते ट्रेलरच्या ब्रेकविषयी. तेवढं एक काम मला पक्कं येतं.

हे कामाला होते तो टोरांटोजवळचा कारखाना बंद पडला त्या वर्षी ह्यांनी एक जुना ट्रेलर घेतला. ट्रेलर म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर: दोन पलंग, गॅसची शेगडी, उभं राहता येईल एवढं वॉशरूम. मार्कहॅमच्या बाजूला पुण्या-नागपूरकडची बरीच कुटुंबं राहतात. कॉम्प्युटरवाली माणसं, त्यांना कॅम्पिंग हवं असतं पण तंबूत झोपायचं नसतं. आपण ट्रेलर भाड्याने द्यायचा, शुक्रवारी तळ्याकाठच्या पार्कात नेऊन लावून द्यायचा आणि रविवारी परत आणायचा, असा ह्यांचा बेत. आम्ही ज्यू, शनिवारी काम करत नाही. कोकणात आमच्या लोकांचा तेलाचा घाणा असायचा आणि तो शनिवारी बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. घाणा कधीच गेला, शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, राहिला. तेव्हा शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत घरी, हा नियम पहिल्या दिवसापासून.

ट्रेलरचे आठ हजार डॉलर ह्यांच्या मोठ्या बहिणीने दिले. त्या ब्रॉसार्डला, फ्रेंच बोलणाऱ्या भागात राहतात, आयुष्यभर नर्स होत्या, एकट्या आहेत. ते पैसे त्यांनी दातांसाठी बाजूला ठेवले होते. इथे सरकार मोडलेला पाय बसवून देतं, पण पडलेले दात आपले आपण बसवायचे. "दातांना काय घाई? समोरचे चार आहेत अजून," असं म्हणून त्यांनी चेक लिहिला. त्यांची ती माया मी विसरले नाही. पण पहिला उन्हाळा कसाबसा गेला, थोडेच पैसे परत झाले, आणि ताईंचे समोरच्या चारातले दोन हलायला लागले. मग फोन यायचे.

"अगं, माझे दात कसे आहेत? तुमच्या ड्राइव्हवेतच उभे आहेत ना? ऊन लागू देऊ नका हो त्यांना."

मी म्हणायचे, "ताई, देतोच आहोत."

"बाँ. तोवर मी पेज पिते. पेज काही वाईट नाही, तुमच्या लग्नात तीच तर होती."

त्या हसायच्या, मीही हसायचे. पण फोन ठेवल्यावर मला जेवण जात नसे. मी भाकरी मोडायची आणि त्यांनी पेज प्यायची, हे काही बरोबर नव्हतं.

आता ब्रेक. ट्रेलरला इंजिन नसतं, पण वजन असतं, म्हणून त्याच्या चाकांना स्वतःचे ब्रेक लागतात. आमचे विजेवरचे होते. पुढच्या ट्रकमध्ये, म्हणजे आमच्या पिकअप गाडीत, ब्रेकवर पाय दाबला की वायरीतून वीज मागे जाते. चाकाच्या ड्रममध्ये, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी डब्यात, एक चुंबक असतं, ते ड्रमला चिकटू बघतं आणि फरफटताना ब्रेकचे शू, म्हणजे अर्धगोल पट्ट्या, बाहेर ढकलतं. शू ड्रमला घासतात आणि चाक थांबतं. ट्रकच्या डॅशबोर्डखाली एक छोटी डबी असते, तिला एक खटका. तो सरकवला की फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. वीज किती सोडायची तेही त्या डबीवरच ठरवायचं.

हे मला, ट्रेलर घेतला त्या यार्डातल्या एका पोर्तुगीज म्हाताऱ्या मेकॅनिकने दाखवलं. पहिल्या वर्षी त्याने ब्रेक तपासले तेव्हा हे कागदपत्रांत गुंतले होते आणि बॅटरीचा उजेड धरायला मी उभी होते. त्याला इंग्रजी माझ्याएवढंच येत होतं, म्हणून मला त्याची लाज वाटली नाही. तो चाक फिरवायचा, कान लावायचा, मग मला कान लावायला सांगायचा. शू ड्रमला जेमतेम शिवला की खस्स, खस्स असा आवाज येतो, तांदूळ पाखडताना येतो तसा. तो आवाज माझ्या कानात बसला.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या आधी ह्यांनी पैसे वाचवायचे म्हणून चाकांना स्वतःच ग्रीस भरलं. ग्रीसगन घेतली आणि दाबत सुटले. मी म्हटलं, "अहो, पुरे की. तो म्हातारा चाक फिरवत फिरवत भरायचा, आणि थोडंच."

"तेल्याच्या घरचं चाक कोरडं राहील होय? तुझ्या भाजीसारखं करू का, तेल नुसतं दाखवून?"

मी सांडलेलं ग्रीस पुसायला घेतलं.

पहिल्याच शुक्रवारी एका उतारावर, खाली स्टॉपची पाटी असताना, ट्रेलर थांबेना. ट्रकचे ब्रेक लागत होते, पण मागून कुणी खांदा लावून ढकलावं तसा ट्रेलर आम्हाला रेटत होता. "खटका!" हे ओरडले. मी तो शेवटपर्यंत सरकवला. काही नाही. ह्यांनी ट्रक रस्त्याकडेच्या खडीत घातला, खडीने वेग ओढला, आणि आम्ही पाटीच्या पुढे जाऊन थांबलो. आडव्या रस्त्यावर कुणी नव्हतं. मग गिऱ्हाइकाला फोन केला, तुमचे पैसे परत करतो म्हणून सांगितलं, आणि सपाट आडरस्त्यांनी, सायकलच्या वेगाने घरी आलो. शब्बाथचे दिवे लावायची वेळ होतच आली होती.

शनिवारी सकाळी हे म्हणाले, "विकून टाकू. यार्डात एक जण तीन हजार देतो म्हणत होता."

"आणि ताईंचे पैसे? अजून पाचावर बाकी आहे."

"फेडीन मी. रात्रपाळी बघतो कुठे. पण त्याला हात लावणार नाही आता. काल मेलोच असतो आपण."

ते घाबरले होते, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. पण ताईंच्या तोंडात तेव्हा एकच दात धड होता, आणि रात्रपाळी कुठून मिळायची? कारखाने धडाधड बंद होत होते. मी म्हटलं, "आज शब्बाथ. सौद्याची गोष्ट आज काढायची नाही. उद्या काढा."

एक दिवस मला मिळाला.

रविवारी हे चहाला खाली आले तेव्हा ट्रेलरच्या एका चाकापाशी मी जॅक लावून ठेवला होता आणि चाक उचलण्याआधी नट ढिले करत होते. पान्यावर मी चक्क उभी होते, माझ्या हातात तेवढा जोर नाही, पण वजन आहे.

"अगं ए, शेजारचे बघतायत!"

"बघू देत. या इकडे, ड्रम ओढा."

ड्रम निघाला आणि आम्ही दोघेही बघत राहिलो. आत सगळं ग्रीसने माखलेलं, शू, चुंबक, तारा. ह्यांनी भरलेलं ग्रीस मागचं रबरी सील फोडून ब्रेकमध्ये शिरलं होतं. तुपात बुडवलेल्या हाताने कुणी दोर धरून बघावा, तसे ते ब्रेक.

ह्यांनी शूवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "सात पिढ्यांचं तेल एकदाच काढलं मी."

मला हसू आलं. त्यांनाही आलं. विकायची गोष्ट त्या हसण्यातच गेली.

ग्रीस प्यायलेले शू धुऊन उपयोग नसतो, नवेच लागतात. मी दोन घरच्या चपात्या करत असे, त्यातले जमवलेले पैसे काढले. शू, चुंबक, सगळं जोडलेली आख्खी पत्र्याची ताटं मिळतात, चाकामागे बोल्टने बसवायची. डावं वेगळं, उजवं वेगळं. छोटा शू नेहमी पुढच्या अंगाला. डाव्यावर मी नेलपॉलिशचा ठिपका दिला, म्हणजे गोंधळ नको. नवं सील बसवलं, आणि ग्रीस ह्या वेळी मी भरलं, बोटाने, बेअरिंगच्या फटीफटीतून, पुरणपोळीत पुरण भरावं तसं: कडेपर्यंत जावं पण बाहेर येऊ नये.

वीज पोचते की नाही ते बघायला माणसं दोन लागतात. हे ट्रकमध्ये खटक्यापाशी, मी चाकापाशी. मला ओरडता येत नाही, म्हणून मी पान्याने ट्रेलरवर वाजवायचे: एकदा वाजवलं की दाबा, दोनदा की सोडा. म्हाताऱ्याकडे होकायंत्र होतं, ते ड्रमजवळ धरून तो चुंबक जागं झालं का बघायचा. आमच्या घरात एकच होकायंत्र, ह्यांचं, प्रार्थनेला यरुशलेमची दिशा बघायचं. तेच आणलं. एकदा वाजवलं आणि काटा गर्रकन चाकाकडे वळला. दोनदा वाजवलं, काटा जागेवर.

ट्रकमधून हे म्हणाले, "देवाची दिशा सापडली का?"

"सापडली. डाव्या चाकात आहे. उजवं बघायचंय अजून."

मग शेवटचं आणि महत्त्वाचं काम. ब्रेकच्या मागे रबरी बूच असतं, ते काढलं की आत दातेरी चक्री दिसते. ती वाकड्या पट्टीने दात-दात फिरवायची. फिरवत जायचं, मधूनमधून चाकाला धक्का देऊन बघायचं, आणि चाक हाताने हलेनासं झालं की चक्री उलटी सोडत यायचं. घाई केली की एक तर ब्रेक सैल राहतो, नाही तर चाक तापतं. मी सोडत गेले, कान लावत गेले. खस्स, खस्स. तिथे थांबले.

संध्याकाळी एका बंद दुकानाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये ट्रेलर पळवला. वेग आला की मी खटका सरकवायचे. पहिल्यांदा चाकं जागीच अडकून किंचाळली, मग डबीवरची वीज कमी केली. पुन्हा. मागून कुणीतरी शांतपणे पदर धरून ओढावं, तसं व्हायला हवं. तसं झालं.

पुढच्या शुक्रवारी पार्कात जायला दुसरा रस्ता होता. मी म्हटलं, त्याच उताराने चला. ह्यांनी ट्रक तिकडे वळवला. उताराच्या मध्यावर माझा हात खटक्यावर होता, पण लागला नाही. ह्यांनी पाय दाबला आणि ट्रेलर आमच्या मागे मुकाट्याने थांबला, पाटीच्या अलीकडे.

"हं," हे म्हणाले. आमच्याकडे एवढं कौतुक पुष्कळ झालं.

नवे शू थोडे घासले की चक्री पुन्हा लावावी लागते, ती मी लावली. नंतर दर वसंतात लावली. गिऱ्हाईक आलं की मी ट्रेलरमागे असायचे. एकदा एका बाईने मागे येऊन विचारलं, "काकू, ग्रोसरी ठेवायला जागा आहे ना?" मी हाताने कपाट दाखवलं. तिच्या मुलीने माझ्या काळ्या हातांकडे बघून काहीतरी इंग्रजीत विचारलं. बाई म्हणाली, "ब्रेक काकूच बघतात, शी चेक्स इट." त्या वाक्याची मला लाज वाटली नाही. खरंच होतं ते.

त्यानंतर त्या उन्हाळ्यात एकही शुक्रवार रिकामा गेला नाही. जमतील तसे पैसे ब्रॉसार्डला जात राहिले, आणि तसतसे ताईंचे दात येत राहिले, आधी खालचे, मग वरचे. फोनवरचं बोलणंही बदललं. "चकली पाठव," म्हणायच्या, "मऊ नको, कडक कर."

पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी आम्ही दोघं शेवटची रक्कम घेऊन स्वतः गेलो. ताईंनी चहा केला. मी पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं.

हे ताईंना म्हणाले, "मोजू नकोस गं, घरचेच आहेत."

"घरचेच म्हणून मोजते. नर्स आहे मी, गोळ्यासुद्धा मोजून दिल्यात."

त्यांनी सगळ्या नोटा मोजल्या, नीट, एकेक टेबलावर ठेवत. मी बघत होते आणि मला अजिबात अवघडल्यासारखं झालं नाही. शेवटची नोट ठेवून त्यांनी गठ्ठा उचलला, टेबलावर ठोकून सारखा केला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पूर्ण. काही बाकी नाही."