आधी पाणी, मग कापड

गाडीच्या दारांमधल्या त्या काळ्या चकचकीत प्लॅस्टिकच्या पट्ट्या! दिसायला आरसा आणि अंगाने लोणी. पत्रा सोसतो, काच सोसते. ही पट्टी मात्र जरा कशाने रुसते. तिच्यावरची धूळ म्हणजे बारीक वाळूच. ती कोरड्या कापडाने पुसावी, तर पुसणारा हातच ओरखडे काढतो. म्हणून गाड्या धुण्याच्या त्या कारखान्यात एक वाक्य मंत्रासारखे चाले : आधी पाणी, मग कापड. ते वाक्य मामींचे होते.

मामा आणि मामी या नवराबायकोने जन्मभर तिथे जोडीने काम केले. मामी धुवायच्या, मामा पॉलिश करायचे. मामी साबणाच्या पाण्याने धूळ भिजवीत, वाहू देत, आणि मग मऊ ओले कापड एकाच दिशेने असे फिरवीत, जसे तान्ह्या बाळाचे कपाळ पुसावे. तिथला रंगारी थट्टा करी, "मामा, मामींच्या हाताखाली पट्टी कधी रुसत नाही. तुमच्यावर मात्र मामी रोज रुसतात!" मामी हसून म्हणत, "त्यांना मशीन कळतं रे, माणूस नाही कळत."

त्याच मामींना विसर पडू लागला. आधी किल्ल्या गेल्या, मग वार गेले, मग शेजारणीचा चेहरा गेला. देवा, तू एकेक वस्तू उचलून नेलीस, आणि हातातली माया तेवढी मागे ठेवलीस! हातांना पुसण्याचा विसर पडेना. मन मात्र पाणी विसरले.

मूलबाळ नव्हते. घरी एकटे ठेवावे, तर मामी गॅस चालू ठेवून रस्त्यावर निघत. म्हणून मामा त्यांना रोज सोबत आणीत. कोरडी कापडे कपाटात कुलूपबंद करीत आणि मामींना धुतलेल्या चटया वाळत घालायला देत. तरी एकदा मामींचा हात एका धुळकट गाडीवर फिरलाच. तरुण मालक वाईट नव्हता. तो म्हणाला, "मामा, या वेळी सोडतो. पण पुन्हा गिऱ्हाइकाच्या गाडीला ओरखडा आला, तर मामींना आणू नका." त्या दिवसापासून मामांचा एक डोळा कामावर आणि एक मामींवर असे.

कापडे कुलपात होती. पण मामींच्या अंगावर एप्रन होता. तो मामांच्या ध्यानात आला नाही.

मालक जेवायला गेला होता. धुळीने माखलेली एक नवी गाडी दारात उभी होती. मामा नळाला पाइप जोडून परतले, तो मामी एप्रनच्या टोकाने पट्ट्या पुसत होत्या. गोल गोल, मन लावून, स्वतःशी गुणगुणत.

"बघा हो, केवढी धूळ बसली होती! आता कशी दिसते?"

मामांनी पाहिले. उन्हात कोळ्याचे जाळे चमकावे तसे बारीक ओरखडे चमकत होते.

"छान दिसते," मामा म्हणाले.

त्यांनी पट्टीवरून नख फिरवले. नख अडकले नाही. म्हणजे ओरखडे वरवरचे होते. मऊ फडक्यावर थेंबभर पॉलिश घेऊन, आधी एका कोपऱ्यात करून बघून, धीराने हाताने चोळले असते, तर ते निघाले असते. हे मामांइतके कोणाला ठाऊक होते? पण मालक यायची वेळ झाली होती. साऱ्या जगाला 'घाई नको' सांगणाऱ्या त्या माणसाने घाई केली. भीतीने हात धरला, आणि हाताने पॉलिशचे मशीन. ते एका जागी क्षणभर जास्त टेकले. प्लॅस्टिक तापले, मऊ झाले, आणि चकाकीच्या जागी राखेसारखा डाग उमटला.

तेवढ्यात मालक आला. "हे काय हो, मामा?"

"माझ्याकडून झालं. मशीन जास्त टेकलं."

मालकाने शेजारची पट्टी पाहिली. तिच्यावर गोल ओरखडे तसेच होते. "आणि हे? हेही मशीननंच?"

मामांनी मशीन खाली ठेवले.

मामी पुढे आल्या. डागाकडे पाहताच त्यांच्या डोळ्यांत क्षणभर जुना प्रकाश आला. "अहो, याला मशीन लावलंत? हाताचं काम होतं ते! जन्म गेला, तरी शिकला नाहीत."

"चुकलं गं," मामा म्हणाले.

मालक हळूच म्हणाला, "मामी, उद्यापासून तुम्ही घरी आराम करा."

"मी? मशीन लावलं यांनी, आणि घरी बसू मी? हा कुठला न्याय, पोरा?"

मालकाने मान खाली घातली. मामींनी मामांकडे पाहिले. त्यांची बाजू घेणारा जगात तो एकच माणूस होता. 'हिने काही केलं नाही' म्हणावे, तर ते खोटे. 'हिनेच केलं' म्हणावे, तर ते तिला सोसणारे नव्हते. 'मीही येत नाही' म्हणावे, तर चूल कशी पेटणार?

"बोला ना हो," मामी म्हणाल्या.

मामांनी मशीनची वायर गुंडाळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांची थोरली बहीण सोबतीला आली. आक्का गुडघ्यांनी अधू. पण दुसरे होते कोण? मामी एप्रन बांधून केव्हाच्या तयार होत्या.

"आज सुट्टी आहे गं," आक्का म्हणाल्या.

"मग हे कुठं निघाले?"

आक्कांनी मामांकडे पाहिले. मामींना आवरायचे बळ आक्कांच्या अंगात नाही, हे मामा जाणून होते. त्यांनी चपला घातल्या, दार ओढले आणि बाहेरून कडी लावली.

आतून मामींचा आवाज आला, "अहो! दार अडकलंय बघा!"

मामा कडीवर हात ठेवून उभे राहिले.

"बघतो हं," ते म्हणाले, आणि जिना उतरू लागले.