गोटेवालीची माय

नवेगाव बांधात सुशिलाबाईला तिच्या नावानं हाक मारणारं आता फारसं कुणी उरलं नाही. बाया तिला 'गोटेवालीची माय' म्हणतात. पोरगी रुची पुण्याच्या कॉलेजात दगडांचा विषय शिकवते, एवढंच गावाला ठाऊक. धान रोवण्याच्या दिवसांत चिखलात वाकल्या वाकल्या शेजारची वच्छला हमखास विचारायची, "असं काय आहे वो त्या गोट्यात? आपल्या धानाच्या बांधीत का कमी होते?" सुशिलाबाई तोंडाची फटकळ, जावेला नि सरपंचाला एकाच मापानं सुनावणारी. पण या प्रश्नावर ती मान खाली घालून रोपं खोचत राहायची. नवरा गेल्यावर एकटीनं धान पिकवून जिला शिकवलं, ती नक्की काय शिकली हेच आपल्याला सांगता येत नाही, हे तिला फार लागायचं.

म्हणून यंदा हिवाळ्यात रुची विद्यार्थ्यांची बस घेऊन चिचगडकडच्या डोंगरात यायची झाली, तेव्हा सुशिलाबाईनं हट्टच धरला. "तू काय पाहतेस ते एक डाव मले दाखव. मंग मी मरायले मोकळी."

"दाखवते की," रुची हसून म्हणाली. "तो डोंगर ज्वालामुखीचा आहे, आई. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथं आग वाहत होती. ती कशी वाहत गेली ते वरच्या दगडांवर दिसतं. हात धरून दाखवेन तुला."

आग वाहते! सुशिलाबाईनं चुलीतली आग पाहिली होती, जंगलातला वणवा पाहिला होता. पण पाण्यासारखी वाहणारी आग, आणि तीही आपल्या शेजारच्या देवरी तालुक्यात? ठेवणीतलं लुगडं नेसून ती बसमध्ये सगळ्यांच्या आधी जाऊन बसली.

चढ लागला तशी पोरं भराभर निघाली. रुचीमागे त्यांच्या प्रश्नांचा ससेमिरा, त्यात हात धरायचं राहूनच गेलं. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा सुशिलाबाई एका मोहाच्या झाडाला जरा टेकली. वरून रुचीची हाक आली, "आई, येतेस ना?"

"येऊन राहिली!" उठता उठता ती ओरडली.

वारं होतं. रुचीपर्यंत पोचलं ते फक्त "राहिली". नवेगावात शेवटचा शब्द तेवढा कानावर आला तरी शेंबड्या पोरालाही कळतं, की बाई थांबलेली नाही. जेवून राहिली, जाऊन राहिली, तशी येऊन राहिली, म्हणजे येतेच आहे. पण रुचीला पुण्यात बरीच वर्षं झाली होती. तिथं राहिली म्हणजे मागे राहिली.

"आई खालीच थांबते म्हणतेय," ती पोरांना म्हणाली, आणि सगळे पुढे गेले.

सुशिलाबाई बसत-उठत माथ्यावर पोचली तेव्हा तिथं चिटपाखरू नव्हतं. मंडळी दुसऱ्या वाटेनं उतरली होती. समोर नुसते दगड, काही काळपट, काही तांबूस. यातली आग कोणती? तिनं चारदोन दगडांवरून हात फिरवून पाहिला. सगळे सारखेच थंड. तिला रडू आलं, आणि या वयात आपण दगडांपायी रडतो याचा रागही आला.

आई खाली कुठंच दिसेना म्हणून रुची धापा टाकत पुन्हा वर आली. पोरांना गोंदियाहून रेल्वे गाठायची होती, दाखवायला आता वेळ नव्हता. "अगं, तूच म्हणालीस ना, राहिले म्हणून?"

"येऊन राहिली म्हटलं वो मी," सुशिलाबाई म्हणाली. "तुले समजलं नाही?"

रुचीचा चेहरा खर्रकन उतरला. बसपर्यंत तिनं आईचा हात सोडला नाही.

पूर्वी आठवड्यातून एखादा फोन करणारी रुची आता रोज करते. "काय करून राहिली, माय?" असं मुद्दाम, घरच्या बोलीत विचारते. सुशिलाबाईच्या तोंडात घास असतो. पोरीला पुन्हा चुकीचं ऐकू जाऊ नये म्हणून ती तो आधी गिळते, पुस्तकातले शब्द मनात जुळवते, आणि सावकाश सांगते, "मी जेवत आहे."