पिझ्झ्याचा विडा

आधी चहा घ्या. माझ्या हातचा आहे, तरी घ्या. कारण आता जे सांगणार आहे ते ऐकल्यावर घ्याल की नाही, याची खात्री नाही.

आमच्या घरात एअर फ्रायर आला आणि मला स्वयंपाक यायला लागला. म्हणजे, येतो असं वाटायला लागलं. सुनंदा, म्हणजे आमची बायको, म्हणते की या दोन गोष्टींत फरक आहे. असेल.

आधी पापड झाले, मग बटाटे झाले. मग एक दिवस मोबाइलवर एक बाई दिसल्या. झटपट छोटे पिझ्झे करत होत्या. वाटीने गोल कापायचं, सॉस लावायचा, चीज ठेवायचं, आत ढकलायचं. करताना बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू एकदाही ढळलं नाही. मी म्हटलं, यात काय आहे? माझ्या आयुष्यातल्या बहुतेक चुका याच वाक्याने सुरू झालेल्या आहेत.

आता मुहूर्त बघा. त्याच आठवड्यात सुनंदाचे मामा जेवायला यायचे होते. वडिवळ्याचे. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं, म्हणून आम्हीही आबाच म्हणतो. भातशेती, पांढरी टोपी, बोलणं मोजकं आणि रीतीभातीला एकदम पक्के. सुनंदाचे आईवडील गेल्यापासून तिला माहेर म्हणून उरलेलं ते एकच दार. आणि आमच्या लोणावळ्याच्या नव्या फ्लॅटवर ते पहिल्यांदाच पायधूळ झाडणार होते.

सुनंदाची सकाळची शाळा. ती मुलांना शिकवते आणि घरी आल्यावर मला. निघताना म्हणाली, "आमटी, भाजी झाकून ठेवलीय. मी आले की गरम पोळ्या लाटते. तोवर आबांना फक्त चहा द्या. फक्त चहा!"

'फक्त' दोनदा म्हणाली. मला दोन्हीदा ऐकू आलं.

पण म्हटलं, आबा काही रोज येत नाहीत. जावयाने काहीतरी करून दाखवायला नको? आणि मैदा नको, म्हातारा माणूस आहे. म्हणून मी पालक वाटून कणकेत घातला. पौष्टिक! छोटे छोटे हिरवेगार गोल लाटले, तव्यावर जरा शेकले, वर सॉस, चीज, शिमला मिरची घातली आणि दिलं ढकलून आत.

आता त्या यंत्रात वारा असतो, हे मला ठाऊक नव्हतं. नावातच आहे, कबूल. पण आपण नावाकडे कुठे एवढं लक्ष देतो? आतून फडफड ऐकू आली. उघडून बघतो तर चीज उडून वरच्या तारेला चिकटलेलं, शिमला मिरची कोपऱ्यात आणि सॉस लावलेल्या हिरव्या चकत्या खाली उघड्याबोडक्या. धूर निघाला. बराच निघाला. शेजारच्या काकूंनी दार वाजवून विचारलं, "होम आहे का हो?" मी हो म्हटलं.

पण मी हार मानणारा नाही. साफसफाई केली आणि विचार केला. उडतंय ना? मग उडायला जागाच ठेवायची नाही! सॉस, चीज आत घालून चकतीची त्रिकोणी घडी घातली. घडी उलगडायला लागली. टूथपिक शोधल्या, सापडल्या नाहीत. मसाल्याच्या डब्यात लवंगा होत्या. प्रत्येक घडीला एकेक लवंग टोचली.

काय सुरेख झाले म्हणून सांगू! हिरवेगार, त्रिकोणी, वर लवंग. आता असा ऐवज साध्या ताटलीत कसा न्यायचा? शोकेसमधलं पितळी तबक काढलं, पुसलं आणि त्यात गोल मांडले.

तुमच्या लक्षात आलंय. माझ्या आलं नव्हतं.

तेवढ्यात आबा आले. खांद्यावर इंद्रायणी तांदळाचं पोतं. पाणी झालं, चहा झाला, यंदाच्या कापणीचं बोलणं झालं. मग मी आत जाऊन तबक आणलं आणि अदबीने त्यांच्यापुढे धरलं.

आबांनी तबकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"आत्ताच?"

"हो आबा, आत्ताच! गार झाल्यावर मजा नाही."

"तसं न्हवं. आजून जेवान..."

"जेवणाचं काय घेऊन बसलात? आमच्याकडे हेच आधी. आणि खरं सांगू? हे घेतलं की जेवायची गरजच उरत नाही!"

आबांनी चहाचा कप बाजूला सरकवला. "सुनंदाला ठावं हाय?"

"नाही हो. हे सगळं माझ्या मनाने."

"व्हय," आबा म्हणाले. "मनाचंच दिसतंय."

त्यांनी तबकातला एक उचलला, कपाळाला लावला, रुमालात बांधून सदऱ्याच्या खिशात ठेवला. मला भरून आलं. इतका मान माझ्या स्वयंपाकाला आजवर कोणी दिला नव्हता.

मग ते उठले, टोपी नीट केली. "येतो आमी."

मला वाटलं, तंबाखू थुंकायला खाली जात असतील. म्हटलं, "या, या! सावकाश या, घाई नाही." दार मी उघडलं. चपला मी सरळ करून ठेवल्या. वाकून नमस्कारही केला.

अर्ध्या तासाने सुनंदा आली. "आबा कुठायत?"

"खाली गेलेत. येतीलच."

तिची नजर टेबलावर गेली. "हे विडे कोणी केले?"

"विडे? अगं, पिझ्झे आहेत ते!"

तिने लवंगेला बोट लावलं आणि मग कपाळाला हात. "अहो, जेवायला बोलावलेल्या माणसाच्या हातात जेवणाआधी विडा? म्हणजे या आता, निघा!"

मग माझ्या डोक्यात एकेक वाक्य क्रमाने पेटत गेलं. गरजच उरत नाही. माझ्या मनाने. सावकाश या.

स्कूटर सुनंदाने चालवली. मी मागे, मांडीवर तबक. का घेतलं होतं, विचारू नका. पुरावा म्हणून असेल. एसटी स्टँडवर आबा बाकावर बसले होते आणि शांतपणे वडापाव खात होते. सुनंदाचे डोळेच भरले.

"आबा, उठा. घरी चला."

"आगं पोरी, इडा दिल्यावर बसायचं नसतं. रीत हाय. जावईबापूंची काय अडचन आसंल."

"आबा, तो विडा नव्हता," मी म्हणालो. "पिझ्झा होता."

आबांनी खिशातून रुमाल काढला. लवंग उपसली. घडी उलगडली. आतून चीजची पांढरी तार निघाली ती लांबतच गेली. स्टँडवरची चार माणसं बघायला लागली.

"जावईबापू," आबा म्हणाले, "लय पानं खाल्ली हयातीत. पर येवडा चुना कुनी लावला न्हवता."

सुनंदा रडता रडता हसायला लागली, आबाही हसले. घरी आले, दोन पोळ्या जास्त जेवले आणि पिझ्झासुद्धा खाऊन म्हणाले, "बरा हाय. कात तेवडा आंबट हाय."

म्हणजे प्रकरण मिटलं, असं मी समजलो.

पुढच्या महिन्यात टाकवे बुद्रुकला त्यांच्या भावकीतलं लग्न होतं. पंगतीत आबांनी मला मुद्दाम शेजारी बसवून घेतलं आणि समोरच्या पाहुण्याला कौतुकाने सांगितलं, "हे आमचे जावई. लोनावळ्याचे. यांनीच मला चुना लावला."

पाहुण्याचा घास हातातच राहिला. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून तो आबांच्या कानाशी लागला, पण मला ऐकू येईल एवढ्या आवाजात.

"मग पोलिसात न्हाई गेला व्हय?"

"न्हाई," आबा माझ्या पानात भात वाढायला सांगत म्हणाले. "घरचंच मानूस हाय. आन् पोलिसाला दावायचा पुरावा आमी खाल्ला."