हलक्या आवाजाची काडतुसे

काडतुसे घरी भरायला मी बसलो ते शिकारीच्या हौसेने नव्हे. आमची काळी गाय पान्हा चोरू लागली होती, आणि तिच्या दुधावर माझ्या धाकट्या बहिणीचा दीड महिन्याचा मुलगा जगत होता. बहीण बाळंतपणातच गेली. मूल आम्ही टिटवाळ्याला घरी आणले. दुसरे कुठलेही दूध दिले की ते निम्मेअधिक ओकून टाकी.

त्याच सुमारास भात तयार होत आले आणि रानडुकरे घरामागच्या शेतात उतरू लागली. तिन्हीसांजेला मी दोन बार काढी, डुकरे नदीकडे पळत, मी पडवीत बसून बंदूक पुसून ठेवी. सकाळी मात्र गाय नुसती थरथरे, आणि चरवीचा तळही भिजत नसे. बंदुकीच्या आवाजाने ती बिथरते, असे मी ठरवून टाकले.

मुंबईच्या एका दुकानदाराने उपाय सांगितला. पितळी काडतूस उडाले की टाकायचे नाही, घरीच पुन्हा भरायचे. त्यात दारू बेताची घातली आणि छर्रा सावकाश निघाला, की कडाका होत नाही, नुसता धप्प आवाज येतो. मी त्याच्याकडून दारू, तिचे माप, काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोप्या, पुठ्ठ्याच्या चकत्या घेतल्या, तो बोलला ते सगळे उतरवून घेतले आणि कल्याणच्या कचेरीत आठ दिवसांची रजा टाकली.

आधी यादी, मग काम, ही माझी रीत. चूल लांब हवी. विडी ओढणारा जवळ नको. ऊन हवे, वारा नको. या सगळ्याला पुरी पडणारी जागा घरात एकच होती, गोठ्याला लागून असलेली पडवी. तिथे पाट मांडला, दारू कापडावर पसरली, जुन्या टोप्या काढून काडतुसे घासली. पहिली काही फुसकी निघाली. छर्रे बांधापर्यंतही गेले नाहीत. मी पुन्हा उठलो, पुन्हा बसलो, यादीत दोन ओळी वाढवल्या. आत मूल रडत होते. ते रडायचे थांबले की मला जास्त धास्ती वाटे.

"अहो, त्या यादीत गाय कितव्या ओळीत आहे?" बायकोने दारातून विचारले.

"हे सगळं तिच्यासाठीच चाललंय ना!"

"तिला सांगितलंत का तसं?"

तिसऱ्या दिवशी जमले. संध्याकाळी बार काढला तो उशी आपटावी तसा वाजला. डुकरे छर्रे लागून पळाली, गोठ्यात साधी मानही वर झाली नाही. सकाळी मी खुशीत गाईच्या पाठीवरून हात फिरवायला गेलो. ती दावे ताणून भिंतीला चिकटली. चरवी कोरडी.

दूध काढायला शेजारच्या पाड्यातली एक म्हातारी आगरीण येई. ती उठली आणि तिने माझा हात धरून सरळ स्वतःच्या नाकाशी नेला.

"दादा, आवाजाला नाय भीत ती. तुमचे हातांना दारूचा वास मारतंय. आनि ही पडवी बगा! रोज तिचे नाकाखाली दुकान मांडलंय."

"पण मी हात धुतो."

"मानसासाठी धुता. तिचे नाकासाठी नाय."

बायको पदराआड हसली. मला हसू येईना. तीन दिवस मी मुलाच्या तोंडचे दूध स्वतःच्या हाताने, अगदी पद्धतशीर, आटवत होतो.

तासाभरात सगळे सामान घराच्या पार पलीकडच्या खोलीत कुलपात गेले. पडवी शेणाने सारवली, तिथे शेणीचा धूर केला. शेताच्या राखणीला दोन गडी ठेवले. संध्याकाळ झाली की ते रॉकेलचे डबे असे बडवत की मला घरात बोललेले ऐकू येईना. मला गोठ्याची बंदी झाली. रजेचे दिवस उरले होते आणि करायला काही नव्हते. मी अंगणातून आडापर्यंत आणि आडापासून अंगणापर्यंत फेऱ्या मारी.

दुसऱ्या दिवशी काहीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गडी अजून डबे बडवतच होते, डुकरे निघायचे नाव घेत नव्हती. मी आडापाशी उभा होतो. त्या गोंगाटात गोठ्याकडून म्हातारीचा आवाज आला, "दादा, तिथंच रावा! सोडला तिनं पान्हा!" मी तिथेच उभा राहिलो. थोड्या वेळाने बायको भरली चरवी दोन्ही हातांत धरून, माझ्यापासून जरा वळसा घेऊनच, आत गेली.