डाव्या कानाची खाच

माझं जावळ काढलं त्याच दिवशी आबांनी कळपातलं एक मादी कोकरू माझ्या नावाचं केलं आणि त्याच्या डाव्या कानाला छोटी खाच पाडली. धाकट्या भावाच्या वेळी उजव्या कानाला. आबांच्या स्वतःच्या मेंढ्यांचे दोन्ही कान कोरे. आमच्या घरातलं बँकखातं म्हणाल तर हेच. माझ्या मेंढीचं कोकरू माझं, तिच्या लेकीचंही माझं, आणि मला विचारल्याशिवाय त्यातलं एकही विकायचं नाही. मी शाळेत असताना एकदा माझा मेंढा विकायला गेलेले आबा, पोरीला विचारायचं राहिलं म्हणून त्याला बाजारातून तसाच परत घेऊन आले. माय संध्याकाळपर्यंत हसत होती.

हा सगळा पसारा आबांनी अर्धलीवर उभा केला होता. म्हणजे मेंढ्या दुसऱ्याच्या, चारायच्या यांनी, आणि होतील त्यातली निम्मी कोकरं यांची.

लग्न होऊन मी परतूरला आले, ब्लाऊज शिवायला लागले, तरी माझ्या मेंढ्या आबांकडेच राहिल्या. धंदा मात्र आटत गेला. लोकर कुणी फुकटही नेईना, उलट कातरायची मजुरी अंगावर पडायची. पूर्वी कापसाची शेवटची वेचणी झाली की शेतकरी स्वतः बोलवायला यायचे. रात्री कळप त्यांच्या रानात बसवायचा, लेंडीखत त्यांना, ज्वारी आम्हाला. आता पऱ्हाटी उपटली की लगेच पाणी सोडून दुसरं पीक घेतात आणि बांधावर तणनाशक मारतात. गोदाकाठाला चारायला न्यायचं तर हायवे ओलांडा, आणि ट्रकवाला काही मेंढीसाठी थांबत नाही. उरला तो मटणाचा पैसा. त्यात आबांचे गुडघे गेले. मोठा कळप म्हटला की रानोमाळ फिरणं आलंच.

शहागडला टायरच्या दुकानात काम करणारा भाऊ म्हणाला, आता बस करा, विकून टाका. आबा हो म्हणाले. इतक्या चटकन हो म्हणाले की मला धसकाच बसला. सकाळी उठून हा माणूस मेंढ्यांशिवाय करणार काय, हे मला कुणी सांगेना. चहा पितानाही ज्यांच्या मांडीवर काठी आडवी असते, त्यांना घरात बसवायचं म्हणजे काय?

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "येपारी येऊन राह्यला उद्या. तुझ्या मेंढ्यांचं काय करू? तू म्हणशील तसं."

"मी येईस्तोर कोणाला हात लावू देऊ नका," मी म्हणाले. मी तशी फटकळच.

पोचले तेव्हा व्यापारी टेम्पो लावून उभा होता, भाऊही आलेला होता. आबांनी माझ्या मेंढ्या वेगळ्या काढून बाभळीखाली उभ्या केल्या होत्या. मी जवळ गेले. पहिल्या मेंढीच्या डाव्या कानाला खाच होती, दुसरीच्याही. तिसरीचे दोन्ही कान कोरे. मागे अजून काही तशाच, सगळ्या आबांच्या लाडक्या, म्हाताऱ्या होत चाललेल्या. उभ्या जन्मात ज्यांनी एक कोकरू इकडचं तिकडं केलं नाही, त्यांनी स्वतःच्या मेंढ्या चोरून माझ्यात घातल्या होत्या. मी आबांकडे पाहिलं. ते रस्त्यावरचे ट्रक बघत होते.

भावाच्याही ध्यानात आलं. "अक्का, यातल्या..." त्यानं सुरुवात केली. मी डोळे वटारले तसा तो गप्प बसला.

"ह्या बी तुमच्याच?" व्यापाऱ्यानं विचारलं.

"माझ्याच. बिलकुल द्यायच्या न्हाईत. बाकीच्या न्या."

टेम्पो गेला. भाऊ पाणी आणायला गेला. मला बापाची फार माया आली.

"आबा, परतूरला दोन खोल्यांत मी ह्या कुठं बांधू? थोड्याच तर हायेत, घराजवळच्या पडीकात चरतील. तुम्हीच सांभाळा, अर्धलीनं."

आबांनी बाभळीखालच्या मेंढ्या एकदा मोजल्या. मग म्हणाले, "निम्मं म्हंजे बराबर निम्मं. बाप म्हणून एक कोकरू जास्तीचं घेणार न्हाई मी."

"नकाच घेऊ," मी म्हणाले.

परवा त्यांचा फोन आला. कोऱ्या कानाच्या एका मेंढीला जुळं झालं होतं, एक नर आणि एक मादी.

"मादी तुझ्या वाट्याला काढली," आबा म्हणाले. "पाडू का खाच?"

मी मशीन थांबवलं.

"पाडा," मी म्हणाले.