शेखकाका आणि दोन पंखांची माशी

आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या सोसायटीत नवा गार्ड आला की वसंतात एकदा तरी ओरडायचा, "अंकलजी गिर गए!"

पहिल्यांदा मीही तसाच धावलो होतो. भिंतीकडेच्या मोकळ्या मातीत सत्तरीचे शेखकाका पालथे पडलेले, डोळ्याला कॅमेरा. "सावली हटव," एवढंच म्हणाले. त्यांच्यासमोर लांब सोंडेचा एक केसाळ जीव हवेत जागच्या जागी थांबला होता.

"काका, मधमाशी चावेल."

"पंख मोज. मधमाशीला चार, हिला दोनच. माशी आहे ही. सोंग घेतलंय नुसतं."

काका मूळचे सोलापूरचे. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी दिल्लीला आले नि इथलेच झाले. निवृत्त झाले तरी तोंडातलं ऑफिस काही सुटलं नाही. माशी उडाली की म्हणत, "मॅडम मीटिंगला गेल्या. येतील." त्यांना एकच फोटो हवा होता. काही मधमाश्या जमिनीत बीळ करतात आणि ही माशी उडता उडता त्यात आपलं अंडं फेकते, तो क्षण. सहा वसंत हुलकावणीत गेले. "फाईल पेंडिंग आहे यार," ते हसून सांगायचे.

गेल्या वर्षी त्यांचा हात थरथरू लागला. ट्रायपॉड लावेपर्यंत माशी पसार व्हायची. एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला, "खाली ये. जुना शर्ट घाल." गेलो, तर त्यांनी मला बिळापासून हातभर अंतरावर आडवं झोपवलं, स्वतः मागे पसरले आणि माझ्या पाठीवर कोपरं टेकून कॅमेरा रोखला.

"मी सांगितलं की श्वास रोखायचा."

तासभर मी तसाच पडून होतो. नाकात माती, मानेवर मुंग्या. त्यांच्या हातांची थरथर माझ्या पाठीत उतरत होती. घरच्यांपासून ते किती लपवत होते, ते मला तेव्हा कळलं. डोळे भरून आले, पण हललो नाही.

"रोख!" काका कुजबुजले. कॅमेरा खटखटला.

फोटोत बिळावर अधांतरी माशी होती आणि तिच्याखाली एक पांढरा ठिपका, अगदी स्वच्छ. काका बराच वेळ बघत राहिले. मग माझ्या शर्टावरची माती झटकत म्हणाले, "पुढच्या वर्षी तू काढ. पाठ माझी."

"बिल्कुल," मी म्हणालो.

थंडीत काका गेले. आता ऊन तापायला लागलंय, काकूंनी कॅमेरा माझ्याकडे आणून दिलाय. मला अजून खाली उतरायचा धीर होत नाही.